चावीवाल्याची वही

चावीशिवाय कुलूप उघडू शकणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला कोणी बसवून शिकवलं नाही. ते घरातच होतं. नांदेडला आमच्या गल्लीत दुपारच्या वेळी सायकलच्या हँडलला चाव्यांचे जुडगे लटकवून चावीवाला यायचा. तो खुळखुळाट ऐकू आला की आई माजघरातून म्हणायची, "दाराला कडी लाव गं." कल्हईवाला आला की ती स्वतः ओट्यावर जाऊन बसायची. बोहारणीशी तासभर घासाघीस करायची, तिला चहासुद्धा द्यायची. चावीवाल्यासाठी मात्र कडी. मी ती लावत आले आणि पुढे माझ्या मुलीलाही लावायला सांगत आले.

हे चावीवाले बहुतेक शिकलगार शीख. नांदेडच्या माणसाला शीख काही नवे नाहीत. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथेच देह ठेवला, सचखंड हुजूर साहिब आमच्या गावात आहे, याचा आम्हाला अभिमान. गुरुद्वाऱ्यासमोरून जाताना आपोआप हात जोडले जातात. लंगरात आम्ही कितीदा जेवलो असू. पण त्याच पंथाचा माणूस चाव्या घेऊन दारात उभा राहिला की आमच्यासाठी तो शीख राहत नसे, शेजारी तर नसेच. तो फक्त "त्यांच्यातला" होई. त्यांच्यातला म्हणजे कोणातला, हा प्रश्न घरात कोणी विचारला नाही. मीही विचारला नाही.

पुढे मी बँकेत लागले आणि हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. बँकेत चावी ही साधी वस्तू नसते. तिजोरीला दोन चाव्या लागतात, एक माझ्याकडे, दुसरी मॅनेजरांकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. रजेवर जाताना चावी सोपवायची तर रजिस्टरात तारीख, वेळ, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. चाव्यांचा दुसरा संच मोहोरबंद पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेला. ग्राहकाने लॉकरची चावी हरवली तर तिची नक्कल काढून चालत नाही. कंपनीचा माणूस येतो, ग्राहकाच्या समोर ते कुलूप फोडतो आणि खर्च ग्राहकाकडून घेतला जातो. इतकी वर्षं हे केल्यावर नक्कल चावी म्हणजे धोका, हे माझ्या हाडीमाशी खिळलं होतं. फुटपाथवर बसून कोऱ्या चावीला दहा मिनिटांत दात पाडून देणारा माणूस मला माझ्या सगळ्या शिस्तीच्या विरोधात उभा असलेला वाटे. आता कळतं, लहानपणी लागलेल्या कडीला नोकरीने एक प्रतिष्ठित कारण मिळवून दिलं, एवढंच.

यापुढे जे लिहिते आहे ते मी अगदी अलीकडेपर्यंत घरातही बोलले नव्हते. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. शेजारच्या बिऱ्हाडात चोरी झाली. दाराचा कोयंडा शाबूत होता, कपाट उघडं होतं. चौकशीला आलेल्या हवालदाराने मला एवढंच विचारलं, की दुपारी काही आवाज ऐकू आला का. मी म्हणाले, आवाज नाही आला, पण काल गल्लीत चावीवाला फिरत होता. विचारलं नसताना म्हणाले. तो आला होता हे खरं होतं. त्याच आठवड्यात भंगारवाला आला होता, गॅसचा माणूस आला होता, घरमालकाचा पुतण्या दोनदा येऊन गेला होता, हेही खरं होतं. ते मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या चावीवाल्याला ठाण्यात नेल्याचं कानावर आलं. त्याच्याकडे काही सापडलं नाही. चोरी कोणी केली ते कधीच कळलं नाही. तो माणूस पुन्हा आमच्या भागात दिसला नाही, आणि मला तेव्हा वाटलं, बरं झालं.

मी खोटं बोलले नव्हते. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. खरं सांगूनही एखाद्या माणसाचा घात करता येतो, आणि मी तो केला.

१९९९ साली बँकेच्या कर्जावर मी मारुती ८०० घेतली. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुतीची चावी दिली, तो फोटो आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर कायम आहे. मध्यमवर्गीय माणसाच्या हाती गाडीची चावी येणं ही तेव्हा बातमी होती. मला ती मिळाली तेव्हा आमच्या घरात गाडी चालवणारी मी पहिली बाई. त्या गाडीवर माझा जीव आहे. पंधरा वर्षांनी नोंदणी संपली तेव्हा सगळे म्हणाले, काढून टाका. मी नूतनीकरण करून घेतलं. दर दसऱ्याला तिला झेंडूचं तोरण, हळदकुंकू, आणि दाराच्या, डिकीच्या, इग्निशनच्या कुलपांत खोबरेल तेलाचा एकेक थेंब. आमच्या घरी कुलपांची निगा अशीच राखली जायची.

२०१९च्या डिसेंबरात नांदेडच्याच वजिराबादला भाजी घ्यायला गेले होते. गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि चावी काही निघेना. या गाडीत चावी जरा आत दाबून शेवटच्या खुणेपर्यंत मागे आणावी लागते, तेव्हाच ती सुटते. ती दाबलीच जात नव्हती. मधल्या खुणेवर अडकून बसली होती. मी ओढली, हलवली, पुन्हा इंजिन सुरू करून बंद केलं. शेजारच्या सायकलच्या दुकानातल्या पोराने पक्कड आणून ओढली. चावीची मान किंचित वाकली, ते पाहून मीच त्याला थांबवलं.

माझी अवस्था काय झाली ते कदाचित बाहेरच्याला कळणार नाही. जन्मभर जिने चावी उघड्यावर सोडली नाही, तिच्या गाडीची चावी भर बाजारात कुलपात लटकत होती, आणि तिच्याबरोबर घराची, कपाटाची, गॅलरीच्या जाळीची, सगळ्या चाव्या त्याच जुडग्यात. मी गाडीपासून चार पावलंही लांब जाऊ शकत नव्हते.

नेहमीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, जुनी गाडी आहे, लॉक सेटच बदलावा लागेल. तोवर डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे कुलूप तोडून काढायचं, वायरी जोडायच्या आणि सुरू करायला एक बटण बसवायचं. बटण दाबेल त्याची गाडी. मी त्याला विचारलं, मग स्टिअरिंगचं लॉक? तो म्हणाला, ते राहणार नाही. आणि मी "बरं" म्हणाले.

फळं विकणारी बाई हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "अहो ताई, त्या कोपऱ्यावर चावीवाला बसतो की. त्याला हाक मारा. तोडताय कशाला?" माझ्या तोंडून पटकन निघालं, "नको नको, त्याला नको." तिने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही, संत्री पुसत राहिली. पण माझं वाक्य मला ऐकू आलं होतं. गाडीचं कुलूपच काढून फेकायला मी तयार होते. कुलूप जाणणाऱ्या माणसाला त्याला हात लावू द्यायला तयार नव्हते. याला सावधपणा म्हणत नाहीत, हे कळण्याइतकी अक्कल मला त्या क्षणी आली. मी त्या बाईलाच म्हणाले, "बोलवा त्याला."

तो आला. पंचविशीतला असेल. डोक्याला निळा पटका, हातात लाकडी पेटी. मी काही सांगायच्या आत त्याने खिडकीतून चावी पाहिली, वाकलेली मान पाहिली आणि म्हणाला, "मावशी, आता कुणीच वढू नका." मग पेटी खाली ठेवून, ती न उघडता, म्हणाला, "गाडीचे कागद दाखवा."

मला राग आला. खरंच आला. या वयात, या गावात, इतकी वर्षं बँकेत काढलेल्या बाईला हा मुलगा कागद विचारतो? मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून आर.सी. काढून दिली. त्याने नाव वाचलं आणि म्हणाला, "लायसन." तेही दिलं. त्याने लायसनवरचा फोटो पाहिला, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. ही नजर माझ्या ओळखीची होती. काउंटरच्या आतून मी अशीच बघायचे.

मग त्याने पेटीच्या खालच्या कप्प्यातून एक लाँगबुक काढलं. तेलकट हातांनी काळपटलेलं, कोपरे दुमडलेले, वर रेक्झिनचं कव्हर. आतल्या पानांवर पट्टीने उभ्या रेघा मारलेल्या होत्या. तारीख, गाडीचा नंबर, नाव, फोन, काय काम, सही. अक्षर मोठं, सरळ, मराठी. त्याने माझी नोंद केली आणि पेन माझ्या हाती दिलं. सही करताना माझी नजर वरच्या ओळींवर गेली. कुठे स्कूटर, कुठे ट्रॅक्टर, कुठे कपाट. काही ठिकाणी सहीऐवजी अंगठा. आणि मध्ये मध्ये लाल पेनने लिहिलेल्या ओळी होत्या. त्यांच्यात नाव नव्हतं, सही नव्हती. नुसता गाडीचा नंबर, आणि पुढे: "कागद नाही. काम केलं नाही."

मी विचारलं, "केलं नाही, तर लिहून कशाला ठेवतोस?"

तो बॅटरीकडे जायला निघाला होता. वळून सहज म्हणाला, "उद्या ती गाडी चोरीची निघाली तर पोलीस पहिले माझ्याकडंच येतेत ना, मावशी. मी केलं नाही हे मग कोण सांगणार?"

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. बँकेत मी चाव्यांची रजिस्टरं भरून भरून संपवली. त्या सगळ्यांत झालेल्या गोष्टींची नोंद होती. जे मी केलं नाही त्याची नोंद ठेवायची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही, कारण माझ्यावर कोणी तसा संशयच घेतला नव्हता. माझं रजिस्टर बँकेच्या पैशाच्या रक्षणासाठी होतं. याची वही याच्या स्वतःच्या रक्षणासाठी होती. आणि ज्यांच्यापासून त्याला रक्षण हवं होतं, त्यांच्यात मी होते. हवालदाराला विचारलं नसताना उत्तर देणारी मी. त्या पहिल्या चावीवाल्याकडे अशी वही असती तर तिचा ठाण्यात काही उपयोग झाला असता का, मला माहीत नाही. पण आज या मुलाला ती ठेवावी लागते आहे, त्याला माझ्यासारखी अनेक तोंडं कारण आहेत, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं. पाय थरथरत होते म्हणून मी गाडीच्या बॉनेटला टेकले.

त्याचं काम मी त्यानंतर डोळे उघडून पाहिलं. त्याने दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, कारण चावी मधल्या खुणेवर असली की थोडी वीज चालूच राहते. जुडग्यातल्या बाकीच्या सगळ्या चाव्या काढून माझ्या हाती दिल्या. मग डाव्या हाताने स्टिअरिंग अगदी हलकं डावीउजवीकडे करून पाहिलं. चाक कडेच्या दगडाला दाबून उभं असलं तर स्टिअरिंग लॉकच्या खिट्टीवर ताण येतो आणि चावी फिरत नाही. तेव्हा जोर चावीला नाही, स्टिअरिंगला द्यायचा असतो, आणि तोही ज्या बाजूला ते सैल पडेल त्या बाजूला. इथे तसं नव्हतं. स्टिअरिंग मोकळं होतं. "आत घाण आहे," तो म्हणाला.

कुलपाच्या तोंडाखाली त्याने फडकं धरलं आणि बारीक नळीच्या स्प्रेने आत फवारा मारला. काळं पाणी गळायला लागलं. पुन्हा फवारा, पुन्हा काळं. त्यात बारीक पितळी कणही चमकत होते. फडक्यावर जमलेला तो चिकट गोळा त्याने बोटांनी चोळून नाकाशी नेला. "खोबरेल," म्हणाला. मी मान हलवली. तेल धूळ धरून ठेवतं, आणि खोबरेल तर थंडीत थिजतंही. माझ्या प्रत्येक दसऱ्याचा थेंब आत साचून बसला होता.

मग त्याने पेचकसाच्या लाकडी मुठीने चावीच्या डोक्यावर हलकेच टिचक्या मारल्या. ओढलं नाही. एका टिचकीला आतून बारीक "टक" असा आवाज आला. त्याने चावी दोन बोटांत धरली, आत दाबली, मागे फिरवली, आणि ती निघाली.

काय अडलं होतं ते त्याने मला बॉनेटवर बोटाने रेघा काढून समजावलं. बॅरलमध्ये पातळ पत्त्या एकामागे एक उभ्या असतात, प्रत्येकीच्या बुडाशी छोटी स्प्रिंग. चावीचा प्रत्येक दात एकेका पत्तीला नेमका हवा तेवढा उचलतो. सगळ्या पत्त्या बॅरलच्या कडेशी सपाट आल्या की बॅरल फिरतं. एक जरी वर राहिली किंवा खाली राहिली तरी ती बाहेरच्या खाचेत अडते. चिखलात रुतलेली पत्ती स्प्रिंगने ढकलली तरी हलत नाही. आणि बॅरल पूर्ण मागे आल्याशिवाय पत्त्या चावीला सोडत नाहीत. म्हणजे ओढणाऱ्याचा सगळा जोर या इवल्याशा पत्त्यांवर पडतो आणि शेवटी चावी तुटते. पुढचं मी नंतर वाचलं: मोटारी आल्या तेव्हा त्यांना अशी चावी नव्हतीच, पुढे हँडल मारावं लागायचं. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, आणि चावी फिरवताच इंजिन सुरू व्हायची सोय क्रायस्लरने १९४९ साली आणली. पुढे स्टिअरिंगचं कुलूपही त्याच जागी आलं. बोटभर बॅरलवर वीज, स्टार्टर आणि चोरीपासून संरक्षण अशी तीन कामं पडली, आणि आपण त्याला तेलाच्या थेंबावर सोडून देतो.

माझी चावी त्याने अंगठ्याखाली फिरवून दाखवली. दातांची टोकं गोल झाली होती, गुळगुळीत चकाकत होती. "दुसरी आहे का? कंपनीची?" होती. बँकेच्या सवयीप्रमाणे घरी कपाटात पाकिटात बंद करून, वर तारीख घालून ठेवलेली. गाडीपाशी त्यालाच थांबायला सांगून मी रिक्षाने घरी गेले आणि पाकीट घेऊन आले. होय, गाडी मी त्याच्या ताब्यात सोडून गेले. रिक्षात बसल्यावर ते माझ्या लक्षात आलं. मी रिक्षा थांबवली नाही.

न वापरलेल्या चावीचे दात धारदार होते. त्याने तीच नमुना म्हणून छोट्या वाइसमध्ये धरली, शेजारी कोरी चावी, आणि कानस चालवायला लागला. मध्येच फुंकर मारायचा, दोन्ही चाव्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरायचा, पुन्हा दोन घाव. मी विचारलं, जुन्या चावीवरून का नाही? "मग झीजबी उतरती ना तिच्यात," तो म्हणाला. झिजलेल्या चावीची नक्कल म्हणजे झिजेचीही नक्कल, आणि त्यावर कानशीची थोडी चूक वेगळीच. अशी नक्कल काही महिने चालते, मग अडते, आणि आपण म्हणतो फुटपाथवरच्या चाव्या टिकत नाहीत.

शेवटी त्याने कुलपात कोरडी ग्रॅफाइटची भुकटी फुंकली. तेल आणि ग्रॅफाइट एकत्र आलं की खळ होते, म्हणून आधी तेल पूर्ण धुऊन काढलं होतं. नवी चावी आत गेली, फिरली, निघाली. मेकॅनिकचा विषय निघाला तेव्हा त्याने स्टिअरिंगखालचं आवरण सैल करून मला बोल्ट दाखवले. चोराला पान्याने खोलता येऊ नयेत म्हणून कारखान्यात बसवतानाच त्यांची डोकी मोडून टाकलेली असतात. "डायरेक्ट केली असती तर हे सगळं फोडलं असतं त्यांनी," तो म्हणाला. कुलूप वाचवायची आस्था त्या जागी मेकॅनिकला नव्हती, मला नव्हती. त्याला होती.

त्याने मागितले तेवढे पैसे मी दिले. तो भला निघाला म्हणून माझं मत बदललं, असं मात्र मला लिहायचं नाही. तो चिडखोर असता, त्याने जास्त पैसे मागितले असते, काम अर्धवट केलं असतं, तरीही त्याच्या जातीवर संशय घ्यायचा मला अधिकार मिळत नव्हता. वाईट मेकॅनिक भेटला म्हणून मी सगळ्या मेकॅनिकांना चोर म्हटलं नाही. बँकेतल्या एका सहकाऱ्याने अफरातफर केली तेव्हा कोणी माझ्या दाराला कडी लावली नाही. चांगुलपणाचा पुरावा फक्त शिकलगारांकडूनच का मागायचा?

नंतर मी वाचायला लागले. शिकलगार हे पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणारे, त्यांना धार आणि झिलई देणारे लोक. १८७८च्या शस्त्र कायद्याने विनापरवाना हत्यार बनवणं, विकणं, बाळगणं गुन्हा ठरलं. ज्यांचं पोट त्याच हातावर होतं त्यांनी मग सुऱ्या, कात्र्या, चाळण्या, बादल्या केल्या, चाव्या केल्या. लोखंड आणि पितळ ओळखणारी बोटं तीच राहिली. त्याच काळात, १८७१ साली, इंग्रजांनी आणखी एक कायदा केला होता. त्याने पुढे देशभरच्या कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. माझ्या डोक्यात तो २०१९ पर्यंत लागू होता.

वाचताना जुडग्याचाही उलगडा झाला. त्या मुलाने गाडीची चावी एकटी ठेवायला सांगितली होती, जड जुडग्याने बॅरल झिजतं म्हणून. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत इग्निशन स्विचची पकड मुळातच कमजोर होती. जड जुडग्याला धक्का बसला की चावी चालत्या गाडीत मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं, एअरबॅग उघडायच्या नाहीत. २०१४ साली कंपनीने लाखो गाड्या परत बोलावल्या आणि नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडलेले म्हणून मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत जुडग्यातल्या बाकीच्या चाव्या काढून ठेवा, असं कंपनीनेच मालकांना सांगितलं होतं. मला हीच गोष्ट वजिराबादच्या कोपऱ्यावर सांगितली गेली, सांगणारा मात्र असा होता की मी त्याला आयुष्यभर दारात उभं केलं नव्हतं.

मी आता पूर्ण बदलले आहे, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. परवाच गल्लीत तो खुळखुळाट ऐकू आला आणि माझं लक्ष आधी दाराकडे गेलं. इतक्या वर्षांची सवय एका दुपारी जात नाही. पण मी कडी लावली नाही. मुलीला फोनवर त्या चोरीची आणि माझ्या साक्षीची हकिकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मलाही तू कडी लावायला सांगायचीस." हो, सांगायचे. त्या पहिल्या चावीवाल्याला शोधायचा मार्ग माझ्याकडे नाही. मला त्याचं नावही माहीत नाही, मी ते कधी विचारलं नव्हतं.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढं करा. वापरातली चावी आणि कपाटातली चावी शेजारी शेजारी ठेवून उजेडात पाहा. दातांत फरक दिसला तर न वापरलेल्या चावीवरून नवी काढून घ्या, झिजलेलीवरून नको. कुलपात तेल घालू नका. इग्निशनच्या चावीला जुडगा लटकवू नका. चावी अडकली तर ओढू नका, पक्कड लावू नका, आणि कोणी "डायरेक्ट करतो" म्हणालं तर आधी जवळचा चावीवाला गाठा. तो कागद मागेल. मागितले तर राग मानू नका, कागद दाखवा, त्याच्या वहीत सही करा, आणि त्याचं नाव विचारून घ्या.